भरतीचं कुंपण

बहुतेक राष्ट्रीय उद्यानांना फाटक असतं. पहाटे जिप्सींची रांग लागते, ओळखपत्रं तपासली जातात, ठरल्या वेळी फाटक बंद होतं. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर एक असं उद्यान आहे, जिथलं वेळापत्रक पंचांगात पाहावं लागतं. दिवसातून दोनदा पाणी उतरतं तेव्हा ते उघडतं आणि पाणी चढलं की मिटतं. ही वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, पाणी पुरेसं खाली जातच नाही. त्या दिवसांत जामनगरला पोचलेल्या माणसाला उद्यानाच्या नावाखाली फक्त समुद्र दिसतो.

देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. ओख्यापासून जोडियापर्यंतच्या किनारपट्टीला 1980 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि 1982 मध्ये तिच्यातल्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा. दोन्ही मिळून क्षेत्र सुमारे 458 चौरस किलोमीटर, बेटं 42. नकाशावर ते सलग दिसत नाही. कुठे बेटाचा ठिपका, कुठे खाडीचं टोक, कुठे चिखलाचा पट्टा, आणि मधल्या जागेत बंदरं, मिठागरं, तेलाच्या टाक्या. जामनगरहून द्वारकेकडे जाणारा महामार्ग या सगळ्याला समांतर धावतो, पण समुद्र क्वचितच दाखवतो. उजवीकडे फुटणारा फाटा आपण धरायचा, बाभळी आणि मिठाच्या ढिगाऱ्यांमधून शेवटपर्यंत जायचं आणि गाडी सोडून चालू लागायचं. गाडीचा प्रवास खरा, पण पाहणं सगळं पायी.

नवऱ्याची उभी नोकरी तेलवाहिन्यांच्या कामात गेली, माझी शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात. निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात कोल्हापूरहून या किनाऱ्याला जायचं ठरलं ते दोन वेगळ्या कारणांनी. त्याला वाडीनारचं तेल पाहायचं होतं, मला नराराचं प्रवाळ. दोन्ही ठिकाणं एकाच फाट्यावर आहेत हे नकाशा उघडल्यावर कळलं, आणि निघायच्या आधीच आमच्या वादाला तोंड फुटलं.

तारखा मात्र वादाशिवाय ठरल्या, कारण त्या पंचांगानं ठरवल्या. माझं माहेर कोकणातलं. तिथे भरतीचा ढोबळ हिशेब तोंडी असतो: तिथीला पाऊणनं गुणायचं, बारानंतर तितक्या तासांनी पाणी पूर्ण भरतं. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. कच्छच्या आखातात भरतीची लाट पश्चिमेच्या तोंडातून आत शिरते, म्हणून ओख्याची वेळ आधी आणि जामनगरची नंतर. तिथे छापील कोष्टकच हवं. पाण्याची उंचीही जागेगणिक बदलते. ओख्याला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक तीन-साडेतीन मीटरचा. आखात आत निमुळतं होत जातं तसं तेच पाणी कोंडून वर चढतं आणि नवलखीजवळ हा फरक सात मीटरच्या घरात जातो. किनारा जवळजवळ सपाट असल्यानं ओहोटीला समुद्र डोळ्यांदेखत लांब निघून जातो. आम्ही पौर्णिमेनंतरचे दिवस धरले. उधाण जोरात असतं आणि सकाळची ओहोटी सोयीच्या वेळी येते.

हिवाळाच का, याची कारणं दोन. पावसाळ्यात हा समुद्र खवळलेला आणि गढूळ असतो, तर उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या खडकावर दोन तास उभं राहणं माणसालाही जड जातं. शिवाय नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा किनारा मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेल्या पाखरांनी भरलेला असतो.

*

सुरतेच्या पुढे आम्ही हजिऱ्याला गाडी बोटीवर चढवली आणि घोघ्याला उतरलो. 2020 च्या नोव्हेंबरात ही फेरी सुरू झाली. रस्त्यानं सुमारे 370 किलोमीटर पडणारं अंतर समुद्रातून 90 च्या आसपास येतं. वेळ वाचतो, पण मला ही फेरी महत्त्वाची वाटली ती पाण्याच्या रंगासाठी. खंबातचं आखात तपकिरी आहे. नर्मदा, तापी, मही, साबरमती अशा मोठ्या नद्या आपला सगळा गाळ इथे आणून ओततात. त्या पाण्यात उजेड खोल जात नाही, आणि उजेड नसेल तर प्रवाळ जगत नाही. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उन्हावर अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात.

सौराष्ट्राच्या पलीकडच्या अंगाला, कच्छच्या आखाताच्या दक्षिण काठावर अशी एकही मोठी नदी उतरत नाही. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त, पाणी खारट. गाळ तिथेही असतो, पण जगण्यापुरता उजेड उरतो. नद्यांनी पाठ फिरवलेल्या या कोरड्या किनाऱ्यावर म्हणून प्रवाळ आहे.

*

जामनगरपासून दहा-बारा किलोमीटरवरचं खिजडिया हे या किनाऱ्यावरचं सगळ्यात सोपं ठिकाण. नवानगर संस्थानाच्या काळात समुद्राचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून इथे मातीचे बांध घातले गेले. बांधाच्या एका अंगाला पावसाचं गोडं पाणी साठलं, दुसऱ्या अंगाला खाजण आणि समुद्र राहिला. शेतीच्या सोयीसाठी उभ्या राहिलेल्या या भिंतीमुळे पाच मिनिटांच्या चालीत दोन वेगळे पाणवठे तयार झाले. एकीकडे कमळपक्षी आणि बदकं, दुसरीकडे रोहित आणि चिखलात चोच खुपसणारे तुतारे. खिजडियाचं नाव आता महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे.

संध्याकाळी बांधावर थांबलो. कांड्या करकोचे दिवसभर आसपासच्या शेतांत दाणे टिपतात आणि सूर्य कलल्यावर रात्रीच्या मुक्कामाला पाण्याकडे येतात. आधी आवाज येतो, मग आकाशात रेघा दिसतात. गुजरातीत त्यांना कुंज म्हणतात. आमच्याजवळ उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानं नवऱ्याला सांगितलं की कुंज भुईमूग खातात, पण त्यांना कुणी दगड मारत नाही. "पाहुणे आहेत, उन्हाळ्यात जातील."

जामनगरचा हिवाळा खायलाही चांगला. बाजरीचा रोटला, वांग्याचा ओळो, हिरव्या लसणाची चटणी, लोण्याचा गोळा. मिठाईच्या दुकानांत उडदाच्या पिठाचे, डिंक आणि तूप घातलेले अडदिये याच दिवसांत मिळतात. शहराच्या मधोमध रणमल तलाव आहे आणि त्याच्या काठी बाला हनुमानाचं मंदिर. तिथे 1964 च्या ऑगस्टपासून रामधून अखंड चालू आहे. रात्री जेवून तिथे गेलो तेव्हा पाळीवरची माणसं नुकतीच बदलली होती आणि भजनाचा ठेका सुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खिजडियाच्या पुढे बालाचडीला गेलो. इथे सागरी उद्यानाचा एक वाळूचा किनारा आहे आणि मागे सैनिक शाळा. शाळेच्या जागेवर 1942 ते 1946 या काळात पोलिश मुलांची छावणी होती. सोव्हिएत प्रदेशातून सुटून इराणमार्गे आलेल्या, पुष्कळशा अनाथ मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी आसरा दिला होता. आम्हां कोल्हापूरकरांना ही गोष्ट अर्धी माहीत असते, कारण तिचा पुढचा भाग आमच्या वळिवड्यात घडला. तिथल्या वसाहतीत 1943 ते 1948 मध्ये सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, आणि बालाचडी बंद झाल्यावर तिथली बरीच मुलंही वळिवड्याला आली. गाडीची एमएच-09 पाटी वाचून शाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं स्वतःच विचारलं, "कोल्हापूर? पेला पोलंडवाळा?" दोन गावांना जोडणारा हा धागा त्यालाही ठाऊक होता.

*

नरारा वाडीनारजवळ, जामनगरपासून साठेक किलोमीटरवर. महामार्ग सोडल्यापासून डावी-उजवीकडे टाक्या, चिमण्या आणि काटेरी तारांची कुंपणं सोबत येतात. वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, शुल्क भरायचं, वाटाड्या घ्यायचा. नाडीचे बूट सक्तीचे. चप्पल चिखल गिळतो आणि कालवांच्या कडा पाय कापतात.

पहिला टप्पा तिवरांचा. गुजराती माणूस त्याला चेर म्हणतो. श्वासमुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात आणि त्यांच्यामधून निवट्या उड्या मारत असतात. पश्चिम बंगालच्या खालोखाल देशातलं सगळ्यात जास्त खारफुटीचं क्षेत्र गुजरातेत आहे आणि त्यातली बहुतेक झाडी एकाच जातीची, तिवराची. या किनाऱ्यावर आणि पलीकडे कच्छात मालधारी ज्या खाराई उंटांना पाळतात, ते पोहत बेटांवर जाऊन हाच पाला खातात. 2015 मध्ये खाराईला उंटांची वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली.

मग चिखल संपतो आणि खडकाचा सपाट पट्टा लागतो. त्यावर घोट्याएवढं, कुठे गुडघ्याएवढं पाणी. प्रवाळ म्हटलं की डोळ्यांपुढे लक्षद्वीपचं निळं पाणी आणि शिंगांसारख्या फांद्या येतात. इथलं प्रवाळ तसं नाही. ते गोटे, घुमट आणि थाळ्यांच्या आकाराचं आहे, रंग बदामी, शेवाळी, क्वचित जांभळट. फांद्यांच्या नाजूक जाती गाळात टिकत नाहीत. घुमटाकार जाती अंगावर बुळबुळीत द्रव सोडून त्याच्याबरोबर गाळ झटकतात. थंडीत पाणी गारठतं, उन्हाळ्यात तापतं, ओहोटीत अंग उघडं पडून हवा लागते. यातली एकेक गोष्ट प्रवाळाला मारायला पुरेशी समजली जाते, आणि इथे त्या सगळ्या नेहमीच्या आहेत.

वाटाड्या पुढे चालत होता. वाळू दिसेल तिथेच पाय ठेवायचा, प्रवाळावर नाही, हे त्यानं निघतानाच बजावलं होतं. "बेन, धीमे चालजो," तो सारखा सांगत होता. हळू चाललं की दिसू लागतं. डबक्याच्या काठी हिरवट समुद्रफूल उमललेलं होतं, सावली पडताच मिटलं. एका दगडाखालून तारामाशांच्या नात्यातल्या ब्रिटल स्टारचे सापासारखे हात वळवळले. वाळूचा एक तुकडा अचानक सरकला तेव्हा ते छोटं पाखट होतं. ऑक्टोपस मी तीन हातांवरून पाहत होते तरी मला दिसत नव्हता. तो हलला आणि तपकिरीचा करडा झाला तेव्हा कळलं. वर्गात फळ्यावर काढलेली रंगद्रव्याच्या पेशींची आकृती इथे डोळ्यांपुढे उघडझाप करत होती.

शेजारी दुसरा एक गट होता. त्यांच्यातल्या कुणीतरी केंड मासा पाहायचा हट्ट धरला. डबक्यात हात घालून मासा वर काढला गेला, तो चेंडूसारखा फुगला, लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाले. केंड फुगतो तो जीव वाचवण्याची शेवटची धडपड म्हणून. त्यात त्याची ताकद खर्ची पडते, आणि हवेत फुगवलेल्या माशाला ती हवा पुन्हा बाहेर टाकणं अवघड जातं. आमच्या वाटाड्यानं तिकडे पाहून मान हलवली. त्याला विचारलं तर म्हणाला, की लोक एवढ्या लांबून येतात, काहीतरी हातात धरून पाहिल्याशिवाय त्यांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. प्रवाळ आणि समुद्रकाकड्या 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेल्या, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसल्या. वाघाला उचलून दाखवा असं कुणी म्हणत नाही.

पाणी वळल्याचं मला कळलं नाही, त्याला कळलं. डबक्यांतलं शेवाळ किनाऱ्याच्या दिशेनं झुकायला लागलं होतं. सपाट किनाऱ्यावर भरती समोरून लाटा घेऊन येत नाही, ती आधी मागच्या खाचरांत भरते आणि परतीची वाट कापते. त्यानं सगळ्यांना फिरवलं. अजून पाहायचं होतं, पण विनवणी करायला तिथे कुणी अधिकारी नव्हता.

*

नरारावर उभं राहून समुद्राकडे पाहिलं की क्षितिजावर तेलवाहू जहाजं दिसतात. नवरा तिथे माझ्यापेक्षा जास्त वेळ रमला. ही जहाजं किनाऱ्याला लागत नाहीत. भरलेल्या महाकाय टँकरला वीस मीटरच्या आसपास खोली लागते. म्हणून ती समुद्रातच एका तरंगत्या बोयाला नांगरतात, होजनळी जोडली जाते आणि कच्चं तेल समुद्रतळावरच्या वाहिनीतून किनाऱ्यावरच्या टाक्यांत येतं. मथुरेच्या शुद्धीकरण कारखान्याला तेल नेणारी वाहिनी 1970 च्या दशकात इथूनच निघाली. पुढे मोटी खावडीला 1999 मध्ये रिलायन्सचा कारखाना सुरू झाला, आज ते एकाच ठिकाणी असलेलं जगातलं सगळ्यात मोठं तेलशुद्धीकरण संकुल आहे. वाडीनारचा कारखाना वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करू शकतो.

"हे इथेच का, ते बघ," तो म्हणाला. इराणच्या आखाताला जवळ, वादळापासून आडोसा, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर खोल पाणी, आणि नद्या नसल्यानं गाळानं भरून न जाणारा मार्ग. मी ऐकत होते. ही जवळजवळ तीच यादी होती, जी मी प्रवाळाची कारणं म्हणून त्याला बोटीवर ऐकवली होती. तेल आणि प्रवाळ या आखातात योगायोगानं शेजारी आलेले नाहीत. दोघांनाही हेच पाणी हवं आहे.

म्हणूनच भांडण न्यायालयापर्यंत गेलं. उद्यानातून तेलवाहिन्या नेण्याला हालार उत्कर्ष समितीनं आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयानं 2004 च्या जानेवारीत निकाल दिला: वन्यजीवांचा आणि त्यांच्या अधिवासाचा नाश होत नसल्याची राज्य सरकारची खात्री असेल तर वाहिनीला परवानगी देता येते. नवऱ्याच्या मते निकाल व्यवहारी होता. वाहिनी एकदा पुरली की तिच्यावर पुन्हा जीव वसतात, नीट देखभाल झाली तर दशकानुदशकं काही घडत नाही. माझं म्हणणं, "नीट देखभाल झाली तर" हे सगळं ओझं ज्या चार शब्दांवर आहे, ते शब्द उद्यानाच्या हातात नाहीत. उद्यानाआधीच्या काळात सिमेंटसाठी याच आखाताच्या तळाची प्रवाळ-वाळू उपसली जात होती. ते थांबलं ते कायद्यानं, समुद्रानं नव्हे.

सलायाच्या खाडीकाठी लाकडी वहाणं बांधताना पाहिली. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाणारी ही जहाजं आजही इथे हातानं उभी राहतात. आमचा वाद तिथेही चालूच होता, चहावाल्यानं दोनदा कप भरले.

*

खंभाळिया मागे टाकून द्वारकेच्या बाजूला आलं की ओखामंडळ लागतं. स्वातंत्र्याआधी हा मुलूख बडोद्याच्या गायकवाडांचा होता. सयाजीराव महाराजांनी ओख्याचं बंदर उभारलंच, पण त्याच्याही आधी समुद्रात काय आहे ते तपासून घेतलं. जेम्स हॉर्नेल या ब्रिटिश सागरी जीवशास्त्रज्ञानं बडोदा सरकारसाठी ओखामंडळाच्या सागरी जीवांची पाहणी केली आणि तिचे अहवाल 1909 आणि 1916 मध्ये छापले गेले. मोत्यांचा, शंखांचा व्यापार वाढवता येईल का हा त्यामागचा राज्यकारभाराचा हेतू होता. पण त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी इथल्या ओहोटीत काय दिसत होतं याची लिखित नोंद राहिली. आज काय हरवलं हे सांगायला अशीच जुनी यादी लागते.

हरवलेल्यांत फांद्यांचं प्रवाळ, अ‍ॅक्रोपोरा, आहे. कच्छच्या आखातात त्याचे मेलेले सांगाडे सापडतात, जिवंत वसाहती नाहीशा झाल्या. मिठापूरजवळच्या समुद्रात वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, टाटा केमिकल्स आणि गुजरातचं वनखातं यांनी लक्षद्वीपहून अ‍ॅक्रोपोराचे तुकडे आणून लावण्याचा प्रयोग केला. 2020 च्या जानेवारीत भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेनं वनखात्याबरोबर मिठापूरच्या समुद्रात आणखी एक प्रयोग मांडला, बायोरॉक. पोलादी सांगाडा पाण्यात ठेवायचा, त्यातून अगदी मंद वीजप्रवाह सोडायचा. समुद्राच्या पाण्यातले क्षार पोलादावर चुनखडीच्या थरासारखे साचत जातात आणि त्यावर बांधलेले प्रवाळाचे तुकडे धरतात.

हे मी वाचून दाखवत होते आणि नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली. समुद्राखालच्या वाहिन्यांना गंज लागू नये म्हणून पोलादावर असाच प्रवाह राखतात. तीस वर्षं त्याचं तेच काम होतं. त्या वाहिन्यांवरही असाच पांढरा थर धरतो, आणि तो थर दिसला की संरक्षण नीट चालू आहे अशी नोंद वहीत होते. तेल वाहणाऱ्या नळाला जपणारं तंत्र प्रवाळाला घर बांधून देतं, हे त्याला माझ्याकडून ऐकायला मिळालं याचाच त्याला जास्त आनंद झाला असावा. वाद मिटला नाही, पण आता तो दोघांनाही कळणाऱ्या भाषेत सुरू झाला. प्रयोगानं किती चौरस मीटर सावरतील, आणि तापलेला एक उन्हाळा किती चौरस किलोमीटर पांढरे करील? पाणी प्रमाणाबाहेर तापलं की प्रवाळ आपल्या पोटातली शैवालं बाहेर टाकतं आणि उपाशी मरतं. त्या हिशेबात प्रयोग तोकडा पडतो, हे त्यानंच मांडलं.

ओख्याहून बेट द्वारकेला पूर्वी नावेनंच जावं लागे. 2024 च्या 25 फेब्रुवारीला सुदर्शन सेतू खुला झाला आणि आता गाडी थेट बेटावर उतरते. भाविकांची मोठी सोय झाली. म्हाताऱ्या माणसांना हेलकावणाऱ्या नावेत चढताना मी पूर्वी पाहिलं आहे, त्यामुळे या पुलाला नाक मुरडणं मला जमणार नाही. पण बेटाच्या भोवतालचं पाणीही याच उद्यानाच्या परिसरातलं आहे, आणि रस्ता पोचला की त्याच्यामागून हॉटेलं, कचरा, सांडपाणी पोचतं.

पुलावरून परतताना मला नरारा वेगळा कळला. तिथे माणसांची गर्दी आवरणारी गोष्ट भरती आहे. तिच्यावर पूल बांधता येत नाही, तिची वेळ वाढवून मागता येत नाही. पण हे कुंपण फक्त पायांना अडवतं. सांडलेलं तेल, तळ उपसल्यानं उठलेला गाळ, तापलेलं पाणी यांना आत यायला भरतीचीच वाट आहे. त्यांना अडवायला माणसांनी नेमलेली माणसंच लागतील. बोया तपासणारा अभियंता, ओहोटीत फेरी मारणारा वनरक्षक, पाण्याचा नमुना घेणारी संशोधक. आमच्या घरात यावर एकमत आहे. कुणाला किती अधिकार हवेत यावर नाही.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीतली अमावास्या किंवा पौर्णिमा पाहून त्यानंतरचे दिवस धरा. नराराला दोन ओहोट्या ठेवा, एक पुरत नाही. पिरोटन बेटाला जायचं मनात असेल तर परवानगीची चौकशी निघायच्या आधी करा. खिजडियाला संध्याकाळ, बालाचडीला सकाळ. नाडीचे जुने बूट, टोपी, भरपूर पाणी. वाटाड्याला ठरलेल्यापेक्षा थोडे जास्त पैसे द्या आणि ते चालायला सुरुवात करण्याआधीच द्या. मग तो केंड फुगवून दाखवू का असं विचारील तेव्हा नको म्हणणं सोपं जातं, त्यालाही आणि तुम्हालाही.